बघत उभ्या राहणाऱ्या पंचवीस जणांचं काय करायचं?

प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या वर्गशिक्षिकेचा आहे. आठवीतल्या एका मुलाला तीन-चार जण रोज पिडतात. दप्तर लपवतात, छत्रीच्या काड्या मोडतात, टोपणनावाने हाका मारतात. वर्गातली बाकीची वीस-पंचवीस मुलं बघत उभी राहतात, त्यातली काही खिदळतात. ‘या बघणाऱ्यांना अन्यायाविरुद्ध उभं राहायला कसं शिकवायचं?’ असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, उभं राहायला शिकवणं ही शेवटची पायरी आहे आणि वर्गातली निम्मी मुलं तिथवर कधीच पोचणार नाहीत. त्याने काही बिघडत नाही. आधी त्यांना न हसायला, तिथून निघून जायला आणि त्या मुलाला काहीतरी निमित्त काढून बाजूला न्यायला शिकवा. या तीन गोष्टींना धैर्य जवळजवळ लागत नाही, आणि त्रास देणाऱ्याचा अर्धा आनंद तेवढ्यानेच जातो.

सुरुवात पंचवीस जणांची फोड करण्यापासून करा, कारण ‘बघे’ असा एकसंध गट नसतो. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये ही फोड मांडली आणि ती आपल्या वर्गांनाही चपखल लागू पडते. काही जण साथीदार असतात. दप्तर एकाने ओढलं की दुसरा झेलतो. काही जण हसून, ‘अजून, अजून’ म्हणून रंगत वाढवतात. मोठा गट बाजूला सरकतो आणि काही पाहिलंच नाही असं दाखवतो. दोन-चार जण मात्र त्या मुलाची पाठराखण करतात, बहुधा प्रसंग संपल्यावर, कोणी बघत नसताना. वर्गाच्या हजेरीची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे या चारांपैकी एक खूण पेन्सिलीने करा. पेन्सिलीने, कारण पंधरा दिवसांत तुमचे अंदाज बदलतील. ही यादी स्टाफरूममध्ये ठेवू नका. तुमचं काम मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाशी आहे. हसणाऱ्याने बाजूला सरकावं आणि बाजूला सरकणाऱ्याने एक लहानशी कृती करावी, एवढंच.

एवढ्याने फरक पडतो का? कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून मैदानावरचे प्रसंग टिपले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात ८८ टक्के प्रसंगांच्या वेळी इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के वेळा. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा (५७ टक्के) त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे एक-दोन वाक्यं. त्याच गटाच्या १९९९ च्या नोंदीत, हजर मुलांचा निम्म्याहून अधिक वेळ नुसतं बघण्यात गेलेला दिसतो. त्रास देणाऱ्याला हे बघणं संमतीसारखंच वाटतं. गप्प उभ्या असलेल्या मुलाच्या मनात काय चाललंय, ते त्याला दिसत नाही.

मुलं गप्प का राहतात, हे नीट समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं भाषण होतं. पहिलं कारण: इतके जण आहेत, कोणीतरी सांगेलच. दुसरं: बाकीच्यांना मजा येतेय, मलाच वाईट वाटतंय. तिसरं: उद्या माझा नंबर लागेल. ही तीन कारणं जगभर सारखी आहेत. आपल्याकडे त्यात चौथं मिसळतं, आणि ते सगळ्यात जड आहे. पिडणाऱ्याचे वडील नौकेचे मालक आणि बघणाऱ्याचे वडील त्याच नौकेवर खलाशी. किंवा बाग एकाच्या घरची, राखण दुसऱ्याच्या घरची. किंवा दोघे एकाच भावकीतले, आणि गणपतीत आरतीला एकमेकांच्या घरी जायचंच आहे. अशा मुलाला ‘तू त्याला ठणकावून सांग’ असं म्हणणं म्हणजे घरच्या रोजीरोटीशी खेळायला सांगणं. तो ऐकणार नाही, आणि त्याने ऐकू नये. म्हणून प्रत्येक कृतीसोबत त्याला एक आडोसा हवा: ‘बाईंनी सांगितलं म्हणून’, ‘एस्टी आली म्हणून’.

पाचवं कारण आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, बाजूचं आहे. मागे कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याचं नाव फुटलं. मुलं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, धाकट्या भावंडांनाही सांगतात. त्याकडे पुढे येते.

आधी जागा शोधा. शाळेचा आणि वाटेचा साधा नकाशा फळ्यावर काढा, त्याच्या प्रती मुलांना द्या आणि ‘जिथे कोणाला तरी त्रास होताना पाहिला तिथे लाल ठिपका’ एवढंच सांगा. नाव नको, प्रसंग नको, पंधरा मिनिटं पुरेत. ठिपके वर्गात फार पडत नाहीत. ते पडतात नळाशी, खिचडीच्या रांगेत, मुलग्यांच्या मुतारीमागे, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) वळणावर, साकवावर (ओढ्यावरच्या लहान पुलावर) आणि सगळ्यात दाट एसटीच्या थांब्यावर व गाडीच्या शेवटच्या बाकावर. चार-पाच वाड्यांची मुलं एकाच गाडीने येतात. ती चुकली तर पुढची दोन तासांनी. म्हणजे पिडला जाणारा मुलगा गाडी सोडूही शकत नाही. पावसाळ्यात हे आणखी वाढतं. जून ते सप्टेंबर मैदान बंद, सगळी शाळा व्हरांड्यात कोंबलेली, गाड्या उशिरा. छत्र्या, रेनकोट, चपला या वस्तू लपवण्याचे आणि फेकण्याचे प्रकार याच दिवसांत जास्त होतात. तेव्हा शिक्षकांची पाळी मैदानावर लावून उपयोग नाही. ती संध्याकाळी थांब्यावर, गाडी येईपर्यंत लावा.

आता बघणाऱ्यांनी नेमकं करायचं काय, ते. कृती धोक्याच्या चढत्या क्रमाने शिकवा, आणि ‘ज्याला जी जमेल ती’ असं स्पष्ट सांगा.

सगळ्यात सोपी: हसू नये, बघू नये, पाठ फिरवून चालू लागावं, जाताना शेजारच्याला घेऊन जावं. यात एक बारकावा आहे. एकटा निघून गेला तर तो पळाल्यासारखा दिसतो. दोघं-तिघं गेले तर घोळका फुटतो. म्हणून ‘जोडीने निघा’ हे आवर्जून शिकवा.

त्यानंतर निमित्त. त्रास देणाऱ्याकडे बघायचंच नाही, बोलायचं ते त्रास होणाऱ्याशी. कुडाळ-मालवणकडचा मुलगा म्हणेल, ‘चल रे, एस्टी इली’ किंवा ‘बाई तुका बोलवतत’. वाक्य बोलीतच हवं. प्रमाण मराठीतलं ‘कृपया त्याला त्रास देऊ नकोस’ हे वाक्य थांब्यावर कोणी उच्चारलं तर पुढचा आठवडाभर त्याचीच नक्कल होईल. हात धरून ओढायचं नाही. दोन पावलं त्या मुलाच्या बाजूने चालायचं आणि वळायचं. निमित्त खोटं आहे हे सगळ्यांना कळलं तरी चालतं. पिडणाऱ्यालाही त्यात मान राखून माघार घेता येते, म्हणून ही युक्ती थेट अडवण्यापेक्षा जास्त वेळा लागू पडते.

मग मोठ्या माणसाला बोलावणं. इथे मुलं अडखळतात, कारण ‘सर, ते बघा ना’ एवढंच म्हणतात आणि सर ‘बस जाग्यावर’ म्हणतात. वाक्याचे तीन भाग पाठ करून घ्या: कुठे, काय, आत्ता. ‘सर, नळाशी तिघं एकाला मारतायत, आत्ता या.’ गाडीत असेल तर कंडक्टरला. ‘चुगली करू नको’ हे आपणच पहिलीपासून शिकवलेलं असतं, ते आठवीत उलट फिरवायला वेळ लागतो. त्यासाठी एकच कसोटी द्या: कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगतोयस की कोणाचा त्रास थांबावा म्हणून?

प्रसंगानंतर त्या मुलाशेजारी जाऊन बसणं याला मुलं काही समजत नाहीत आणि मोठेही फारसं महत्त्व देत नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोलाची कृती हीच. पिडल्या जाणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त पोखरतं ते ‘सगळे त्यांच्याच बाजूचे आहेत’ हे वाटणं. त्याच दिवशी, शक्यतो शाळा सुटायच्या आत, कोणीतरी म्हणावं, ‘ते बरोबर नव्हतं. उद्या माझ्याबरोबर बस.’ सल्ला द्यायचा नाही. ‘तू का नाही मारलंस?’ तर मुळीच नाही.

थेट बोलणं शेवटी, आणि अटींसह: दोघं-तिघं एकत्र असतील, त्रास देणारा वयाने फार मोठा नसेल, मारामारी सुरू नसेल. वाक्य लहान, आवाज नेहमीचा: ‘रवांदे रे, सोड तेका’ (राहू दे, सोड त्याला). म्हणून झालं की निघायचं. उलट शिवी, उलट धक्का, आईबापावरून काही बोलणं यातलं एक जरी आलं, तरी प्रसंग दोन गटांच्या मारामारीत जातो आणि मुख्याध्यापकांपुढे सगळेच सारखे दोषी ठरतात.

हे सांगून येत नाही, तोंडाने म्हणून येतं. आठवड्याला एक तासिका, अशा चार तासिका ठेवा. प्रसंग काल्पनिक घ्या, नावं वर्गात नसलेली. खरा पिडला जाणारा मुलगा त्या भूमिकेत कधीही नको, आणि खऱ्या पिडणाऱ्याला पिडणाऱ्याची भूमिका देऊ नका. तो ती फार उत्तम करतो आणि वर्ग टाळ्या वाजवतो. पिडणाऱ्याचं काम शक्यतो शिक्षकाने करावं. तोच प्रसंग तीनदा करा: आधी बघे हसतात, मग बघे गप्प उभे, मग बघे जोडीजोडीने निघून जातात. प्रत्येक वेळी थांबून मध्यभागी उभ्या असलेल्या दोघांना विचारा, काय वाटलं? हा फरक अनुभवल्याशिवाय ‘मी नुसता बघत होतो’ या सबबीतली खोट मुलांना दिसत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलांनी रात्र रात्र दशावतार पाहिलेला असतो, आयत्या वेळी संवाद रचणं त्यांना परकं नाही. लिखित संहिता देऊ नका. प्रत्येक मुलाने आपलं निमित्ताचं वाक्य मोठ्याने निदान तीनदा म्हटलं पाहिजे. पाठीमागच्या बाकावरच्यांनीसुद्धा.

‘बाकीच्यांना मजा येतेय’ हा गैरसमज मोडायला एक चिठ्ठी पुरते. प्रश्न एकच: ‘एखाद्याला सगळ्यांसमोर पिडताना पाहून तुला काय वाटतं?’ पर्याय तीन: मजा वाटते, काही वाटत नाही, वाईट वाटतं. फक्त खूण करायची, अक्षर नको, म्हणजे ओळख पटत नाही. आकडे तुमच्याच वर्गाचे फळ्यावर मांडा. बहुतेक वेळा ‘वाईट वाटतं’ हा आकडा मुलांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो आणि वर्ग क्षणभर एकमेकांकडे बघतो. त्यावर प्रवचन देऊ नका. चिठ्ठ्या आधी एकट्याने मोजा; ‘मजा’ जास्त निघाली तर आकडा दाखवू नका, तो उलट काम करेल. आणि पट दहा-बाराचा असेल तर हा प्रकार टाळा. अनेक वाड्यांवरच्या शाळांत पट इतकाच आहे, तिथे गुप्त असं काही राहत नाही.

फिनलंडमध्ये साल्मिवाली यांच्याच कामातून ‘किवा’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून देशभर गेला. त्यातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: पिडल्या जाणाऱ्या मुलासाठी वर्गातल्या दोन ते चार वजनदार, समंजस मुलांना शिक्षक वेगळं बोलावतात आणि पाठीशी राहायला सांगतात. निवड चुकते ती इथे. आपण हुशार आणि आज्ञाधारक मुलं निवडतो. हवी असतात ती, ज्यांचं इतर ऐकतात: कबड्डीतला चांगला चढाईपटू, भजनात पखवाज वाजवणारा, सगळ्या गाडीला हसवणारी मुलगी. ती पिडणाऱ्याच्या भावकीतली नसावीत आणि त्याच मार्गाच्या गाडीने जाणारी असावीत. काम अगदी छोटं आणि मुदतीचं द्या: ‘दोन आठवडे जाता-येता त्याच्या शेजारी बसा.’ सुरक्षारक्षक नेमल्यासारखं करू नका. दोन आठवड्यांनी विचारा, हवं तर पुढे चालू ठेवा.

याच्या उलट टोकाला मॉनिटर, विद्यार्थी पंच, ‘शिस्त पथक’. मुलांकडे न्यायनिवाडा सोपवू नका. टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ मध्ये अनेक देशांतल्या कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला. एकूण कार्यक्रमांनी पिडण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी कमी होतं असं त्यात दिसलं, पण समवयस्कांवर औपचारिक काम सोपवलेल्या ठिकाणी त्रास होणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचाही संबंध आढळला. कारण कळण्याजोगं आहे. मध्यस्थी बरोबरीच्या दोघांच्या भांडणात चालते. पिडण्यात बरोबरी नसतेच. तिथे मध्यस्थ ‘दोघांचं थोडं थोडं चुकलं’ म्हणतो आणि दुबळ्याचं उरलंसुरलं बळ काढून घेतो.

मुलींच्या बाबतीत मारहाण कमी, अबोला जास्त. डबा खाताना गोल केला जातो आणि एकीला जागा नसते. हे शिक्षकाला दिसत नाही, बघणाऱ्या मुलींना दिसतं. इथे कृती एकच: गोलात जागा करून ‘ये गो, इथे बस’ म्हणणं. पण घरूनच ‘त्यांच्याशी बोलायचं नाही’ असा हुकूम असेल तर? रायगड आणि रत्नागिरीत कुटुंब वाळीत टाकण्याचे प्रकार झालेले आहेत. त्यासाठीच महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अशा घरातल्या मुलाशी बोलण्याची जबाबदारी वर्गमित्रांवर टाकू नका. बाकांची रचना, प्रयोगाचे गट, खिचडी वाढण्याच्या जोड्या तुम्ही ठरवा, दर सोमवारी सगळ्यांच्याच बदला. मग मूल घरी सांगू शकतं, ‘बाईंनी बसवलं.’ हाच आडोसा बागेतल्या नेपाळी गुरख्याच्या मुलाला, चिरेखाणीवर आलेल्या कर्नाटकातल्या मजुरांच्या मुलीला आणि डब्यातल्या सुक्या मासळीवरून नाक मुरडलं जाणाऱ्या पोरालाही लागतो. गावात त्यांची भावकी नसते, म्हणून त्यांच्या बाजूने आपोआप कोणी बोलत नाही.

मोबाइलवर बघ्याचं काम वेगळं. ग्रुपवर हसरा चेहरा टाकणं म्हणजे थांब्यावर हसणंच. न टाकणं, पुढे न पाठवणं, त्या मुलाला खासगीत दोन ओळी लिहिणं आणि तारीख-नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून मोठ्यांना दाखवणं, एवढं पुरे. याला एक अपवाद पक्का शिकवा: उघडं किंवा लैंगिक छायाचित्र असेल तर स्क्रीनशॉटही नाही, साठवणंही नाही. फोन तसाच मोठ्यांच्या हातात. असं साहित्य जवळ ठेवणं हाच पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो.

काही प्रसंग बघ्यांचे नसतातच. रक्त, हत्यार, पैसे उकळणं, नको तिथे हात लावणं, ‘मी जीव देईन’ असं बोलणं: इथे निमित्तबिमित्त काही नाही, लगेच मोठा माणूस. लैंगिक प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोखाली मोठ्यांवर बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दल मुलाला शिक्षा नाही, हे मुलांना सांगा, त्यांना वाटणारी भीती कमी होते. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, वर्गाच्या दारामागे लिहून ठेवा. वसतिगृह किंवा कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर राज्याचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा लागतो. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे.

आता ते पाचवं कारण. एखाद्या मुलाने सांगितलं आणि ‘अमक्याने मला सांगितलंय’ असं तुम्ही वर्गात म्हणालात, तर त्या वर्गातून पुन्हा काही कळणार नाही. त्याच दिवशी आधी पिडल्या गेलेल्या मुलाला एकट्याने भेटा. मग पाच-सहा मुलांना एकेक करून बोलवा, त्यात ज्यांना काहीच माहीत नाही असेही दोघं घ्या, म्हणजे सांगणारा झाकला जातो. पिडणाऱ्यांना वेगवेगळं बोलवा. एकत्र बोलावलं तर एकच गोष्ट ठरवून येते. ‘कोणी सांगितलं?’ याला उत्तर: ‘ते मी सांगणार नाही. काय झालं ते तू सांग.’ समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका, तो हात गाडीत पिरगळला जातो. दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी त्या मुलाला पुन्हा विचारा, तारखा वहीत लिहा. सांगणाऱ्यालाही तिसऱ्या दिवशी हळूच कळवा की काहीतरी केलं गेलं आहे. परिपाठात त्याचा सत्कार मात्र करू नका. असं कौतुक झालेला मुलगा थांब्यावर एकटा पडतो.

शपथ, भित्तिपत्रकं, एक दिवसाची फेरी यांना माझा विरोध नाही, पण त्यात वेळ घालवू नका. तोच वेळ आगार व्यवस्थापकांना पत्र लिहिण्यात घाला: शाळेच्या फेऱ्यांना शेवटचे दोन बाक पाचवी-सहावीच्या मुलांना नकोत, त्यांना पुढे बसवावं, एवढी सूचना वाहकांना मिळावी. शाळा व्यवस्थापन समितीत वाड्यांवरचे पालक असतातच. थांब्याजवळच्या दुकानदाराला ‘लक्ष असू द्या’ हे त्यांच्याकरवी सांगितलेलं जास्त चालतं.

शिमग्याच्या आसपास सावध राहा, ‘शिमगा आहे, गंमत आहे’ ही सबब तेव्हा घरूनही मिळते. जूनमध्ये काढलेला ठिपक्यांचा नकाशा दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा भरून घ्या. ठिपके कमी न होता नुसते थांब्यावरून पाखाडीकडे सरकले असतील, तर बघणारे अजून बदललेले नाहीत, फक्त शिक्षकांची पाळी चुकवली गेली आहे. अशा वेळी पाळी न वाढवता वर्गातल्या तासिका पुन्हा सुरू करा, आणि या खेपेला प्रसंग पाखाडीचा घ्या.